शनिवारचं पाठांतर

नर्सनं मला तीन शब्द सांगितले होते. मी तिला पाच परत दिले.

वयस्कर माणसांची वर्षातून एकदा तपासणी असते, तीच ही. रक्तदाब, वजन, घरात कुठे पडलात का, औषधं वेळेवर घेता का, आणि शेवटी ते तीन शब्द. "मिसेस हुडॅक, एवढे लक्षात ठेवा हं, मी जरा वेळानं विचारीन," असं म्हणून तिनं माझ्याकडून कागदावर घड्याळ काढून घेतलं, त्यात पावणेचार दाखवायला लावले, आणि मग पेन वर धरून म्हणाली, "सांगा बरं आता." मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "खिडकी, घोडा, लोणी, पूल, बटण." एका दमात, ठरलेल्या चालीत, दुसरा शब्द जरा वर, चौथा जरा वर, आणि पाचव्यावर आवाज खाली आणून ठेवलेला. तिनं कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या नातीच्या, लेनाच्या वयाची असेल. "मी तीनच सांगितले होते," ती इतक्या हळुवारपणे म्हणाली की माझी मलाच भीती वाटली. "गाजर, नदी, टोपी," मी घाईनं म्हटलं. "तेही आहेत." "तेही आहेत म्हणजे? मग हे पाच कुठले?" "शाळेतले. एकतीस वर्षं दुसरीला शिकवलंय मी. पडून असतात डोक्यात." "तुमच्या डोक्यात माझ्यापेक्षा जास्त जागा आहे," ती हसून म्हणाली, आणि कागदावर काहीतरी छोटंसं लिहिलं. निघताना कोटाच्या बाहीत माझा हात जाईना. तीच आली आणि मागून बाही धरून उभी राहिली, एखाद्या लहान मुलामागे उभं राहावं तशी.

बसमध्ये मी ड्रायव्हरच्या मागच्याच बाकावर बसले. पिट्सबर्गमध्ये ऑक्टोबरातली दुपार अशी असते की ऊन असतं पण ते कुठे टेकत नाही. टेकडीवरच्या घरांच्या पायऱ्यांवर भोपळे मांडलेले होते, वऱ्हांड्यांवर संघांचे झेंडे लटकत होते, आणि समोरच्या बाकावर दोन म्हातारे येत्या शनिवारच्या खेळाबद्दल बोलत होते. "पोरगा चांगला आहे, पण घाबरट आहे. चेंडू हातातून लवकर सोडतो," एकजण म्हणत होता. दुसरा म्हणाला, "तुझ्या अंगावर सव्वाशे किलोचे दोघं धावून आले तर तू काय सोडशील ते सांग आधी." दोघंही खुसुखुसू हसले. मी दुसरीकडे पाहिलं. ते पाच शब्द तेवीस वर्षांत मी एकदाही उच्चारले नव्हते. मनातसुद्धा नाही, असं मला वाटत होतं. पण चाल गेली नव्हती. शब्द जातात, चाल राहते, हे मला शाळेत पहिल्याच वर्षी कळलं होतं. मुलांना शब्द लक्षात राहत नाहीत, एका शब्दावरून दुसऱ्यावर जाणारी वाट लक्षात राहते. सोमवारी शब्दांची यादी द्यायची, शुक्रवारी परीक्षा घ्यायची, आणि मधले दिवस ती वाट तुडवून घ्यायची. खिडकीत घोडा उभा आहे. घोड्यानं लोणी खाल्लं. लोणी पुलावर सांडलं. पुलाच्या मधोमध एक बटण आहे. ही वाट मी स्वतः आखली होती, आमच्या जुन्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर, हाताला पीठ लागलेलं असताना, माझ्या मुलासाठी.

आमचं गाव इथून तासाभरावर, नदीच्या काठी. तिथे काचेचा कारखाना होता तोवर गाव होतं. माझा नवरा रे त्याच कारखान्यात, त्याचे वडील आंद्रेय त्याच कारखान्यात, भट्टीजवळ. शुक्रवारी सगळं गाव शाळेच्या मैदानावर असायचं, आणि ज्या वर्षी आमचा ब्रेंट शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चाल सांगून चेंडू फेकणारा गडी झाला त्या वर्षी माझं नाव गेलं. दुकानात, चर्चमध्ये, केस कापायला गेलं तिथे, मी क्वार्टरबॅकची आई. लोक त्याच्या हाताबद्दल बोलायचे. तो निमुळता चेंडू चाळीस यार्डांवर धावत्या मुलाच्या छातीशी अलगद नेऊन ठेवणारा हात. मला मात्र फार लवकर कळलं की तो खेळ हाताचा नाही, पाठांतराचा आहे. मैदानावर खेळायच्या प्रत्येक चालीला एक लांबलचक वाक्य असतं. बाहेरून कोच ते एकदाच सांगतो. क्वार्टरबॅकनं ते रिंगणात उभ्या असलेल्या दहाजणांना जसंच्या तसं सांगायचं, एक शब्द इकडचा तिकडे न होता, कारण प्रत्येक शब्दात कुणाचं तरी काम असतं. 'उजवी जोडी, निळा अठ्ठावीस, मागचा फिरून, दोनवर.' अशी शेकडो वाक्यं. तो शाळेतून आला की मी पोळपाटासारख्या फळीवर पीठ मळत असायची आणि तो एका चालीचा एक असे पुठ्ठ्याचे पत्ते माझ्यापुढे धरायचा. मी पत्त्यावरचा आकडा वाचायची, तो वाक्य म्हणायचा. चुकला की मी नुसती भुवई वर करायची. "असं बघू नकोस गं, दुसरीतला वाटतो मी," तो म्हणायचा. "दुसरीतली मुलं एवढी चुकत नाहीत," मी म्हणायची. रे दारातून डोकावून म्हणायचा, "चेंडू फेकायलाही शिकव हो त्याला, बाई." तो काळ सुखाचा होता हे मला त्या वेळीसुद्धा कळत होतं. हेच आता जास्त टोचतं. न कळता गेलेलं सुख वेगळं असतं.

मग विद्यापीठाचं पत्र आलं, आणि सत्त्याण्णवच्या ऑगस्टमध्ये तो गेला. पहिलं वर्ष नुसता सराव, खेळ नाही. सरावात क्वार्टरबॅकला लाल जर्सी देतात. बाकीचे एकमेकांना आडवे पाडतात, पण लाल जर्सीवाल्याला कुणी हात लावायचा नाही. मला ती लाल जर्सी फार आवडायची. एकदा कुंपणापाशी उभी राहून मी पाहिलं, एक राक्षसासारखा मुलगा ब्रेंटच्या अंगावर धावत आला आणि अगदी जवळ येऊन थांबला, आणि त्याच्या खांद्यावर दोन बोटं टेकवून परत गेला. मला वाटलं, शनिवारीही असंच असतं तर. शनिवारी ती जर्सी काढून ठेवतात.

दुसऱ्या ऑगस्टमध्ये तो दोन दिवस घरी आला तेव्हा त्याच्या खिशात चार घड्या घातलेला कागद होता. झेरॉक्सची झेरॉक्स काढून पुसट झालेला. "आई, हे पाठ करून घे ना माझ्याकडून." मी उघडून पाहिला. पाच शब्द, काही उलटे म्हणायचे आकडे, आणि वर्षाचे महिने डिसेंबरपासून मागे. "हे काय?" "डोक्याला मार बसला की वेंडल विचारतो ते." वेंडल म्हणजे त्यांचा ट्रेनर, पट्ट्या बांधणारा, पाय मुरगळला तर बर्फ लावणारा. "एकच यादी आहे. दरवर्षी तीच. मोठी मुलं धाकट्यांना देतात." "म्हणजे कॉपी," मी म्हटलं. तो हसला. "कॉपी कसली. सगळेच करतात. काहीजण तर आत्ता, सुरुवातीच्या परीक्षेत मुद्दाम चुकतात. मग मार लागल्यावर चुकलं तरी पहिल्याएवढंच दिसतं. मला नाही तसं करायचं. मला सगळं बरोबर सांगायचंय." या शेवटच्या वाक्यानं मला जिंकलं. माझा मुलगा मुद्दाम चुकणाऱ्यांतला नव्हता. एखादी शहाणी बाई कागदाकडे बघून म्हणाली असती की अरे, ही परीक्षा पास व्हायची नसते, ती तुला वाचवायला असते. मी शिक्षिका होते. माझ्यासमोर यादी होती आणि मुलगा होता. मी हात धुतले, टेबल पुसलं, आणि त्याला घोडा दाखवला, खिडकीत उभा असलेला. दुसऱ्या दिवशी निघताना तो गाडीत बसला तरी मी बाहेरून विचारलं, "लोण्याचं काय झालं?" "पुलावर सांडलं," तो म्हणाला. "झोपेतून उठवलंस तरी सांगीन."

झोपेतून नाही. त्याहून खोलातून तो ते सांगत असे, हे मी पाहिलं आहे. त्या वर्षी त्यांचा मोठा क्वार्टरबॅक गुडघा मोडून बसला आणि तिसऱ्या शनिवारी ब्रेंट मैदानात उतरला. ऑक्टोबरच्या मध्यावर एका खेळात, तिसऱ्या भागात, चेंडू त्याच्या हातातून सुटून गेल्यावर दोघं त्याच्यावर आले. त्याचं डोकं आधी जमिनीला लागलं, मग शरीर. मैदानावर साठ हजार माणसं होती, तरी मला तो आवाज ऐकू आला असं मी शपथेवर सांगीन, आणि रे म्हणायचा की ते शक्य नाही. तो उठला, पण चुकीच्या बाजूला चालू लागला, समोरच्या संघाच्या बाकाकडे. कुणीतरी त्याला कोपराला धरून वळवलं. मग तो आमच्या बाजूच्या बाकावर बसला, वेंडल त्याच्या समोर उकिडवा झाला, आणि मी रेची दुर्बीण ओढून घेतली. माझ्या मुलाचे डोळे उघडे होते आणि त्यांत कुणी नव्हतं. रिकाम्या घराच्या काचा असतात तसे. वेंडलनं काहीतरी विचारलं. आणि त्या रिकाम्या चेहऱ्याखाली ओठ हलले. मी मोजलं. एक, दुसरा जरा वर, तीन, चौथा जरा वर, आणि पाच. वेंडलनं त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. चार मिनिटांनी तो परत मैदानात होता. मला त्या क्षणी काय वाटलं ते मी पुष्कळदा निरखून पाहिलं आहे, आणि प्रत्येक वेळी तेच सापडतं. मला अभिमान वाटला. मुलाचा नाही, माझ्या शिकवण्याचा. रे म्हणाला, "ठीक दिसतोय." मी म्हटलं, "ठीक आहे." त्या दिवशी ते जिंकले. जेवताना ब्रेंटनं मला दोनदा विचारलं की तू कधी आलीस.

अशा सात वेळा. मी लिहून ठेवलं नाही, पण माझ्या डोक्यातून काही जात नाही, हा माझा दोष आहे. त्या चार वर्षांत गावातल्या खाटकाच्या दुकानात त्याचा फोटो लागला, वर्तमानपत्रात त्याच्याबद्दल छापून आलं की हुडॅक कधी बाहेर बसत नाही, आणि वेंडल म्हणायचा की हुडॅकचं डोकं काचेच्या भट्टीतून काढलेलं आहे, चांगलं तापवून. तिसऱ्या वर्षी एक गंमत झाली. गंमतच म्हणत होते सगळे. शेवटची दोन मिनिटं उरलेली, रिंगणात दहाजण वाकून उभे, आणि ब्रेंटनं त्यांना चाल सांगितली ती आमच्या गावच्या शाळेतली. शब्दन्‌शब्द बरोबर. फक्त ती चाल त्या मैदानावर ब्रेंटशिवाय कुणालाच माहीत नव्हती. दहाजण एकमेकांकडे बघत राहिले, कोचनं वेळ थांबवून घेतली. दुसऱ्या दिवशी चर्चच्या तळघरात आम्ही बायका कोबीच्या पानांत भात-खिमा भरत बसलो होतो, तिथे म्हातारा स्टश कॉफीचा कप घेऊन आला. "आर्लीन, तुझा पोरगा अजून दहावीतच आहे म्हणे." "तू तरी कुठे पुढे गेलास," मी म्हटलं. बायका हसल्या. मीही हसले. हातातलं पान मी इतकं घट्ट गुंडाळलं की ते फाटलं. ती चाल मला ओळखीची होती. पत्ता क्रमांक एकोणीस. मी घरी गेले आणि कपाट उघडलं, पत्ते बाहेर काढले, आणि परत आत ठेवले. त्याच दिवशी फोन करून मी वेंडलला काही सांगायला हवं होतं. मी त्याऐवजी ब्रेंटला फोन केला आणि विचारलं, "नीट जेवतोस ना?"

शेवटच्या वर्षी एक नवा मुलगा आला, मिसिसिपीकडचा, वाऱ्यासारखा, आणि पाचव्या शनिवारपासून ब्रेंट डोक्यावर टोपी घालून कडेला उभा राहू लागला. तो त्या मुलाला हातांनी खुणा करून चाली दाखवायचा. त्यातही तो चुकायचा, आणि कोच त्याच्या हातातली चालींची पाटी काढून घ्यायचा. नोव्हेंबरात घरच्या मैदानावरचा शेवटचा खेळ असतो तेव्हा जाणाऱ्या मुलांचे आईवडील त्यांच्याबरोबर मैदानाच्या मध्यापर्यंत चालत जातात. माझ्या कोटावर शेवंतीचं मोठं पिवळं फूल लावलं होतं, रेनं नवा टाय घातला होता. भोंग्यातून आमची नावं पुकारली, ब्रेंटनं माझा हात धरला, आणि मैदानाच्या मधोमध आल्यावर माझ्याकडे न बघता हळूच विचारलं, "आई, आपलं बाक कुठल्या बाजूला?" चार वर्षं तो त्या मैदानावर खेळला होता. मी माझ्या हातानं त्याचा हात जरासा डावीकडे दाबला. लोक टाळ्या वाजवत होते. रेनं ते पाहिलं नाही. तो मरेपर्यंत मी त्याला सांगितलं नाही.

पुढे सांगण्यासारखं थोडंच. मोठ्या संघांकडून कुणी विचारलं नाही. ब्रेंटनं जनेलशी लग्न केलं, लेना झाली, फरशांच्या दुकानात नोकरी धरली, आणि तिथे तो सगळ्यांचा लाडका होता, कारण जुना हुडॅक अजून कुणाकुणाच्या लक्षात होता. चाळिशीच्या आसपास तो ऑर्डरी दोनदा लिहू लागला. मग गाडी लावलेली जागा विसरू लागला. मग एकदा त्यानं लेनावर हात उगारला आणि स्वतःच्या हाताकडे बघत उभा राहिला. रे गेल्यावर मी गावचं घर विकून इथे आले, त्यांच्या वरच्या मजल्यावर. जनेल कामाला जाते तेव्हा मी त्याच्याजवळ असते. आता तो सेहेचाळीसचा आहे.

घरी पोचले तेव्हा जनेल टेबलाशी कागद पसरून बसली होती. उद्या त्याची मेंदूच्या दवाखान्यात तारीख होती. ब्रेंट तिच्या समोर बसून धुतलेले टॉवेल घडी करत होता; ते काम त्याला छान जमतं, कडेला कड लावून. "काय म्हणाली नर्स?" जनेलनं विचारलं. "घड्याळ चांगलं काढलं म्हणाली." "वा," ब्रेंट म्हणाला, "मला नाही जमत ते घड्याळ." जनेलनं पेननं एक ओळ दाखवली. "आर्लीन, इथे घराण्याचं विचारलंय. गेल्या वेळी तुम्ही डॉक्टरांना रेच्या वडिलांचं सांगितलं होतंत, शेवटी शेवटी त्यांना काही समजत नव्हतं म्हणून. तेच लिहिते." मी अजून कोट काढला नव्हता. मी उभीच होते. त्या वेळी मी ते का सांगितलं होतं ते मला नीट माहीत आहे. डॉक्टर बाईंनी विचारलं, घराण्यात कुणाला असा विसर पडायचा का, आणि कुणीतरी दोषी पाहिजे होतं, आणि आंद्रेय मरून तीस वर्षं झाली होती. बोलून मी मोकळी झाले. आणि मग लेना रविवारची इरी शहराहून येऊ लागली ती गप्प गप्प. हे आपल्यातही उतरलंय का म्हणून रक्ताची तपासणी करून घ्यायची म्हणते. ज्या मुलाशी लग्न ठरलंय त्याला तिनं थांब म्हणून सांगितलंय. तिच्या हातातून चमचा पडला तरी जनेल वळून बघते. हे मी महिनाभर पाहत होते आणि रोज सकाळी कॉफी करत होते.

"लिहू नकोस," मी म्हटलं. "आंद्रेय बहिरा होता."

"म्हणजे?"

"भट्टीजवळ चाळीस वर्षं काढली होती त्यानं. कान गेले होते. डोकं शाबूत होतं. जेवलात का विचारलं की म्हणायचा, मंगळवार."

ब्रेंट एकदम हसला. "मंगळवार. खरंच म्हणायचे आजोबा. आणि बाबा ओरडायचे, जेवण, जेवण, आणि ते म्हणायचे, हो, सकाळपासून पाऊस आहे." त्याला ते लख्ख आठवत होतं. जनेल हसली नाही. तिनं पेन खाली ठेवलं. "मग त्या दिवशी तसं का सांगितलंत? लेनाचं काय चाललंय ते दिसतंय ना तुम्हाला?" तिचा आवाज चढला नाही, लग्नाला तेवीस वर्षं झाली, माझ्यावर तिनं कधी आवाज चढवलेला नाही. मी म्हटलं, "दिसतंय. म्हणूनच सांगतेय. खालची ओळ वाच." तिनं वाचली. डोक्याला मार, किती वेळा, केव्हा. "इथे शून्य आहे," ती म्हणाली. "विद्यापीठानं कागद पाठवलेत. चार वर्षांत एकदाही नाही." "शून्य," ब्रेंट म्हणाला, आणि टॉवेल मांडीवर ठेवून ताठ बसला. "एकदाही बाहेर काढला नाही मला. विचार कुणालाही. वेंडल विचारायचा आणि मी सगळं बरोबर सांगायचो. दरवेळी." त्याच्याकडे आता फार थोड्या गोष्टी उरल्या आहेत. ही त्यातली सगळ्यात मोठी. मला वाटलं, अजूनही कोट काढून जिना चढून वर जाता येईल. मग लेनाचा चेहरा डोळ्यांपुढे आला, रविवारी भांडी पुसताना पेल्याकडे बघत राहिलेला.

"सात," मी म्हटलं. "सात लिही, जनेल."

मी बसले आणि सांगितलं. कागदाचं, टेबलाचं, खिडकीतल्या घोड्याचं. दुर्बिणीचं. कोणता शनिवार, कोणता संघ, खेळाचा कोणता भाग, एकेक करून सातही. जनेल लिहीत होती. तिनं एकदाही वर पाहिलं नाही, फक्त पाचव्या वेळेला तिचं पेन कागदावर एकाच जागी थांबलं आणि शाईचा ठिपका मोठा होत गेला. ब्रेंट ऐकत होता, अगदी मन लावून, कोचचं ऐकावं तसा. माझं संपल्यावर तो म्हणाला, "पण मी ते बरोबर सांगितले होते ना."

"बरोबर सांगितले होतेस."

"मग?"

"तू सांगत नव्हतास, बाळा. मी पाठ करून घेतलं होतं, ते बोलत होतं."

तो विचार करत राहिला. त्याला विचार करताना बघणं कठीण असतं. अंधाऱ्या खोलीत माणूस भिंत चाचपत जातो तसा त्याचा चेहरा होतो. "म्हणजे मी पास नव्हतो," तो म्हणाला.

"नव्हतास."

"एकदाही?"

एकतीस वर्षांत मी कुठल्याही मुलाला असं उत्तर दिलं नव्हतं. ज्याला काहीच येत नसे त्याच्याही वहीत मी काहीतरी शोधून काढत असे, निदान अक्षर. मी त्याच्या चेहऱ्यात शोधलं. "एकदाही नाही," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. रागावला नाही. रागावला असता तर मला कुठेतरी उभं राहायला जागा मिळाली असती. त्यानं मांडीवरचा टॉवेल उचलला, कडा जुळवल्या, पुन्हा सोडल्या, पुन्हा जुळवल्या. जनेल उठली. माझ्या खुर्चीमागून जाताना ती क्षणभर थांबली. मला वाटलं ती काहीतरी बोलेल किंवा माझ्या खांद्यावर हात तरी ठेवील, पण ती फोन घेऊन वऱ्हांड्यात गेली आणि काचेचं दार ओढून घेतलं. तिची पाठ दिसत होती. आधी ती ताठ होती. मग तिनं कठड्याला टेकून डोकं मागे टाकलं, आणि मला कळलं की ती रडते आहे, आणि तेही कळलं की हे रडणं गेल्या महिनाभरातल्यासारखं नाही. पलीकडून लेना काहीतरी विचारत असणार, कारण जनेल पुन्हा पुन्हा मान हलवून नाही, नाही म्हणत होती, तुझ्यात नाही, तुझ्यात नाही.

"कोणाशी बोलतेय ती?" ब्रेंटनं विचारलं.

"लेनाशी."

तो काचेकडे बघत राहिला. "रडतेय. काही वाईट झालं का?"

"नाही," मी म्हटलं. "चांगली बातमी आहे."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि ढिगातला पुढचा टॉवेल ओढला.